कार्बोरेटरच होतं, असं सांगितलं

भास्कर,

गाडी नीट चालायला लागली. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मागून. उंद्रीहून निघून अमडापूरला पोचेपर्यंत एकदाही खोकली नाही, चढावरही नाही. तू असतास तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला असतास, "पाय बे सुभ्या, मी म्हनत होतो ना, कार्बोरेटर!" आणि मी तिथंच रस्त्यावर तुझ्याशी भांडलो असतो. आता भांडायला कोणी नाही, म्हणून गप्प बसून होतो.

मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना ते दिसतंय. इतक्या वर्षांचा दोस्त गेला आणि हा माणूस खुशाल दुकानात बसून मोटारीची वाइंडिंग भरतोय, असं त्यांच्या नजरेत असतं. राख सावडून आलो आणि दुपारी दुकान उघडलं, हे खरं आहे. कोणाच्या तरी विहिरीवरची मोटार जळून आली होती. हाताला काम होतं म्हणून हात चालत होते. डोक्यात काहीच नव्हतं. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, जेवलात का दुपारी, तर मला आठवेना. डबा उघडून पाहिला तेव्हा कळलं की जेवलो होतो.

तुझ्या घरी रोज जातो. अंगणात लोक बसलेले असतात, तुझं चांगलं चांगलं बोलतात. तू कोणाला कधी उलटून बोलला नाहीस म्हणे. मी ऐकून घेतो. मला किती उलटून बोललास ते माझं मला माहीत.

आपलं भांडण एकच होतं, पण ते जन्मभर पुरलं असतं. तुझी ती जुनी पेट्रोलची व्हॅन. पुढचं सीट उचललं की खाली इंजिन. उन्हाळ्यात चालवणाऱ्याचं बूड शेकून निघायचं, आणि हिवाळ्यात तू ऐटीत सांगायचास की आपल्या गाडीला हीटर फुकटात आहे. मागची सीटं काढून टाकून तिथं मेथीच्या, हिरव्या कोथिंबिरीच्या जुड्या आणि वांग्यांची पोती. एवढी गुणाची गाडी, पण तिला ती खोड. बरेच दिवस सुतासारखी सरळ चालायची, आणि मग एखाद्या सकाळी अचानक मिसिंग मारायला लागायची. तिनातला एखादा सिलिंडर कामावर यायचाच नाही. फटफट करत, आचके देत, आपण दोघं बसल्या जागी पुढेमागे हलत चाललोय. रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या.

तुझं म्हणणं पेट्रोल, माझं म्हणणं करंट.

"पेट्रोलात कचरा येते सुभ्या. कार्बोरेटर जाम होते, दुसरं काई नाई."

"कचरा असता तं रोज आला असता. एक डाव येते अन् मंग वीस-पंचवीस दिवस पत्ता नाई, हा करंटचा खेळ हाय. कुठंतरी गळून राह्यला करंट."

"तुह्या डोक्यातच करंट हाय बे. बायकोचं डोकं दुखलं तरी तू टेस्टर लावशीन."

अमडापूरच्या अलीकडे त्या कडुलिंबासमोरच्या हॉटेलात या भांडणावरून दोन पार्ट्या झाल्या होत्या. हॉटेलवाला तुझ्या पार्टीतला. तू माझ्याआधी जाणार हे ठाऊक असतं ना, तर मी एकदा तरी सगळ्यांसमोर सिद्ध करून घेतलं असतं. पण तू असा काही उठून गेलास की वाक्य अर्धंच राहिलं माझं.

आता मला कळतंय की गाडी खोकायला लागली की तू ती बरोबर त्या कडुलिंबाखालीच का थांबवायचास. "जाय, दोन चहा सांगून ये, मी तोवर कार्बोरेटर पायतो." मी जायचो. हॉटेलवाल्याचा चहा म्हणजे त्याच्या मर्जीनं उकळणार, तोवर मी तिथं करंटच्या बाजूनं भाषण करायचो. चहा घेऊन यावं तर तू फडक्याला हात पुसत उभा, आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालू. "निंगाला कचरा," म्हणायचास. मी चडफडत चहा प्यायचो.

ते फडकं. ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असायचं. माझ्या दुकानातली सगळी फडकी काळी, गाडीवाल्या कोणाचंही फडकं काळं, तुझं एकट्याचं लाल. मी विचारलं होतं एकदा, "काय बे, होळी खेळून आला काय?" तू म्हणालास, "लाल ऑइल हाय ते." आणि मी विश्वास ठेवला. आयुष्य ऑइलात आणि तांब्यात गेलं माझं, तरी ठेवला.

आणि गोधडीची गोष्ट. मी तुझ्या किती मागे लागलो होतो की भर दिवसा करंटची ठिणगी दिसत नाही, इंजिनावर गोधडी पांघरू, दोघं आत डोकं घालू, अंधारात जिथून करंट गळतोय तिथं निळं दिसेल. तू म्हणायचास, "इंजिनले थंडी वाजते काय बे?" टाळत राहिलास, टाळत राहिलास, आणि एका हिवाळ्यात एकदम म्हणालास, ये उद्या सकाळी. मी आलो. वहिनींनी जुन्या लुगड्याची गोधडी दिली. तुझ्या अंगणात पत्र्याच्या सावलीत आपण दोघं गाडीत ओणवे झालो, डोक्यावरून गोधडी. आत पेट्रोलचा वास, तुझ्या तंबाखूचा वास, इंजिनाची थरथर गुडघ्यापर्यंत. मिट्ट काळोख. पाहिलं, पाहिलं. काही नाही.

"दिसला काय तुहा करंट?" तू विचारलंस, आणि आतल्या आतच हसायला लागलास. अंधारात तुझं तोंड दिसत नव्हतं, नुसती गोधडी हलत होती. मलाही हसू आलं. दोन बापे, पोरांची लग्नं व्हायची वयं झालेली, आणि गोधडीत डोकं घालून हसतायत. वहिनी बाहेरून म्हणाल्या, "काय पायलं एवढं?" तू म्हणालास, "सुभ्याची अक्कल."

आता पुढचं सांगतो. तुला ठाऊक नाही ते.

अमावस्येला संध्याकाळी वहिनींनी नेहमीसारखी गाडीची पूजा केली, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वांगी तोडायला गेलास, वाफ्यात खाली बसलास तो उठला नाहीस, हेही तुलाच ठाऊक. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. त्यानंतरचे सगळे दिवस ती गाडी पाहुणे आणायला, पोचवायला पळत होती आणि प्रत्येक फेरीला खोकत होती. तुझे मोठे भाऊ तिच्यात बसून चिखलीहून आले. उतरले ते कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले. मग अंगणात बसल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पूजा केली अन् दुसऱ्या दिवशी मानूस गेला. काय म्हनाव याले."

नाव घेतलं नाही. पण बसलेल्यांतल्या अर्ध्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात वहिनी बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं.

तुझ्या लग्नाच्या वर्षी बैलाला पान लागलं, साप डसून बैल मेला, तेव्हा हाच माणूस वहिनींना पांढऱ्या पायाची म्हणाला होता. त्या एका शब्दावरून तू चूल वेगळी केलीस. वाटणीत काय आलं काय नाही, त्याची पर्वा केली नाहीस. त्यानंतर वहिनींच्या हातून मडकं फुटलं तरी तू आधी म्हणायचास, माह्या हातून फुटलं. आम्ही हसायचो तुला. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणायचो. तूही हसायचास.

मोठे भाऊ पुढे म्हणाले, "तेरवी झाली की गाडी भंगारात देऊन टाकू. खोकते बी लय, अन् अपशकुनी बी हाय."

तेव्हा वहिनी बोलल्या. तू गेल्यापासून मी त्यांचं पहिलं वाक्य ऐकलं. "गाडी इकू नका. भाजी मी नेतो. मले येते चालवता."

"अन् रस्त्यात बंद पडली तं? बाईमानूस धक्का मारन काय?"

वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या, कोणाकडेच पाहत नव्हत्या. पण गाडी गेली तर वांगी वावरात सडतील, मग वावर मोठ्या भावांकडे जाईल, आणि वहिनींना पुन्हा त्याच चुलीवर जाऊन तोच शब्द ऐकावा लागेल, एवढं मलाही कळत होतं. मी म्हणालो, "गाडी मी पायतो. तेरवीपर्यंत मले द्या. नाई सुधरली तं मीच भंगारवाला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारं घेऊन आलो. आधी तुझा मान राखला. म्हटलं, करंट नंतर, पहिले भास्करचं कार्बोरेटर. खोलायला गेलो तर स्क्रू हलेनात. वरच्या खाचांत माती आणि तेल मिळून दगड झालेला. त्या स्क्रूंना कित्येक वर्षांत पेचकस लागला नव्हता, भास्कर. कसंबसं खोललं. आत कचऱ्याचा कण नाही. मी ते कार्बोरेटर हातात धरून तसाच बसलो. हे जर कधी उघडलंच नाहीस, तर त्या कडुलिंबाखाली मला चहाला पाठवून तू करत काय होतास?

मग एकेक वायर काढून पाहिली. चालू इंजिनात प्लगची वायर काढावी आणि कान द्यावा. काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा, फरकच पडला नाही तर तोच आळशी. पहिल्यांदा पाहिलं तर एक नंबर आळशी. थोड्या वेळानं पाहिलं तर एक नंबर चांगला आणि तीन नंबर आळशी. प्लग बदलले, तेच. म्हणजे करंट निघत होता, पण पोचायच्या ठिकाणी पोचत नव्हता, वाटेत भलतीकडेच जात होता. माझं म्हणणं खरं होतं तर. मला आनंद व्हायला हवा होता.

मी दारात जाऊन म्हणालो, "वहिनी, ती गोधडी देता काय?" कोणती, असं त्यांनी विचारलं नाही. आतून आणून दिली.

या वेळी आत मी एकटा. डाव्या बाजूला तुझी जागा रिकामी, तिथून उजेडाची फट येत होती, ती गोधडी ओढून बुजवली. डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर, जिथून सगळ्या वायरी निघतात त्या गोल टोपीवर, एक निळा धागा सरपटत होता. मधल्या वायरीपासून निघून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. जात होता तो एका दमट ओघळावरून. मी इंजिन बंद करून गोधडी बाजूला केली आणि उजेडात पाहिलं. कुंकू होतं.

अंगठ्यानं भरलेलं जाड कुंकू, शेजारी हळदीचं बोट, आणि त्यावरून उतरून वाळलेला नारळाच्या पाण्याचा डाग. हवेतला ओलावा बसला की तो खारट डाग ओला होणार आणि त्यावरून करंट पळणार. दुकानातला कोणताही मोटारवाला सांगेल.

याला कारण तूच ना रे. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा वहिनी ताट घेऊन आल्या आणि काचेवर स्वस्तिक काढायला लागल्या. तू फुशारकीनं सीट उचलून दाखवलंस, आणि त्या टोपीवर बोट ठेवून म्हणालास, "हा गाडीचा मेंदू." वहिनी म्हणाल्या, "मंग कपाळ बी हेच. काचेले कायले लावू?" आपण दोघं हसलो होतो. मी होतो तिथं. त्यानंतर दर अमावस्येला त्या सीट उचलून तिथंच लावत राहिल्या, आणि दर अमावस्येनंतर गाडी खोकत राहिली, आणि मी पेट्रोल पंपापासून धुक्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला.

दाराच्या कप्प्यात हात घातला. लाल फडकं होतं.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मी करंट करंट ओरडत होतो तेव्हा माझं बरोबर आहे हे तुला माहीत होतं. गोधडीच्या सकाळी मी यायच्या आधी तू कॅप पुसून ठेवली होतीस, आणि आत अंधारात हसत होतास ते यालाच. इतकी वर्षं मला हरवत ठेवलंस. वहिनींना नुसतं एवढं सांगितलं असतंस की थोडं बाजूला लाव, बॅटरीवर लाव, तर संपलं असतं. पण बाजूला का, हे त्यांनी विचारलं असतं. आणि एकदा कारण निघालं की ते मोठ्या भावांपर्यंत गेलं असतं, आणि मग हिच्या हातचं कुंकू लागलं की गाडी बंद पडते, हे गावभर झालं असतं. ते तुला नको होतं. ती तिची पूजा करणार, तू पुसणार, आणि दोष कार्बोरेटरचा. त्या बिचाऱ्या कार्बोरेटरला तरी कोण विचारतंय.

मला का नाही सांगितलंस? मी गाडीत बसून हेच विचारत होतो. राग आला मला. तू गेल्याचं वाटलं नव्हतं इतकं ते वाटलं. मला सांगायला काय झालं होतं? मग मीच मला उत्तर दिलं. माझं दुकान म्हणजे अमडापूरचा रेडिओ. तिथं सकाळी बोललेलं दुपारी तालुकाभर होतं. तुला माझा भरवसा होता, माझ्या तोंडाचा नव्हता. हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस तर मी दोन महिने बोललो नसतो, पण मग आलो असतो.

फडकं पेट्रोलात भिजवलं आणि हात अडला. हे कुंकू वहिनींनी तू असताना लावलेलं शेवटचं. त्यांच्या कपाळावरचं दुसऱ्यांनी पुसलं होतं, आता हे मी पुसणार. बाहेर बायका बोलत होत्या, कोणीतरी भांडी घासत होतं. मी कॅपकडे पाहत बसलो. काही वाटेल म्हणून वाट पाहिली. काही वाटलं नाही. हात कोपरापर्यंत दुसऱ्याचा असल्यासारखा होता. मग पुसलं. नीट पुसलं, खाचाखोचांतूनही. हात लाल झाले, साबणाच्या चुऱ्यानं धुतले, तरी नखांत राहिलंच.

गाडी सुरू केली. पहिल्याच चावीला लागली आणि एका लयीत चालायला लागली. आवाज ऐकून अंगणातले सगळे उठून आले. मोठे भाऊ आले, बसायला आलेला हॉटेलवालाही आला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय होतं?" मोठ्या भावांनी विचारलं.

या प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबलो होतो. उत्तर तोंडात तयार होतं, दातांच्या मागेच. हॉटेलवाला समोर उभा होता.

"कार्बोरेटर होतं," मी म्हणालो. "कचरा. भास्कर बराबर सांगत होता."

हॉटेलवाला म्हणाला, "मंग हारला म्हना तुमी!"

"हाव. हारलो."

मोठ्या भावांनी गाडीला एक चक्कर मारली. टायर दाबून पाहिला. "अशी चालत असन तं राहू द्या," म्हणाले. "पन परत खोकली तं मी ऐकनार नाई."

वहिनी आत गेल्या आणि मला पाणी आणून दिलं. तांब्या देताना त्यांची नजर माझ्या नखांवर गेली असावी. नसेलही.

एवढं लिहून ठेवलं होतं. वाटलं होतं झालं सांगून. पण मध्ये अमावस्या येऊन गेली, म्हणून पुन्हा बसलोय.

वहिनी आता रोज गाडी नेतात. पहिले काही दिवस मी बाजूला बसून जायचो, अजूनही बाजाराच्या दिवशी जातो. गाडी तुझ्यापेक्षा बरी चालवतात. खड्डा दिसल्यावर ब्रेक मारतात, खड्ड्यात गेल्यावर नाही. गाडी एकदाही खोकलेली नव्हती, आणि मला तेच खायला उठलं होतं. इतकी निमूट चालणारी ती गाडी तुझी वाटतच नव्हती.

अमावस्येच्या संध्याकाळी नारळ घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"वहिनी, आज अमावस्या हाय. गाडीची पूजा राह्यली."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमीच करा भाऊजी. माह्या हातानं आता नाई चालत."

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनतेत."

"गाडी कोनाची हाय? भास्करची. त्यानं दुसऱ्या कोनाच्या हातचं कधी लावून घेतलं काय तिले?"

त्यांनी आणखी दोन जुड्या बांधल्या. "मोठे भाऊ पायतीन," म्हणाल्या.

"पाऊ द्या."

त्या उठल्या, हात धुतले. कुंकवाची डबी देवळीतून काढून कुठंतरी पेटीत टाकली होती, ती शोधायला वेळ लागला. सीट मी उचललं. मी घरून ठरवून आलो होतो की सांगायचं, वहिनी, बॅटरीवर लावा, तिथं जागा मोठी आहे. वाक्य पाठ करून आलो होतो. पण त्यांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि सरळ त्या टोपीवर ठेवला, न चुकता, आंधळ्यालाही सापडेल इतक्या सवयीनं. ओठ हलत होते. अंगठा तिथून उचलेचना. माझं वाक्य मी गिळलं. मग मी नारळ फोडला, त्यांनी पाणी शिंपडलं. लाल अंगठा त्यांनी पदराला पुसला नाही. तसाच घेऊन आत गेल्या.

आज सकाळी गाडी कडुलिंबाच्या थोडं अलीकडे खोकली. आधी एकदा, मग दोनदा, मग आचके द्यायला लागली. मागं वांग्यांची पोती हलली.

"भाऊजी, कशी करून राह्यली पाहा गाडी."

"कडुलिंबाखाली घ्या."

त्यांनी घेतली. हँडब्रेक ओढला. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती होती. मोठे भाऊ म्हणाले होते ते त्यांना आठवत असणार.

"काई नाई," मी म्हणालो. "कार्बोरेटर. कचरा आला असन."

"कचराच ना?"

"हाव. भास्कर नेहमी सांगे ना. जा, तुमी दोन चहा सांगून या. मी तोवर पायतो."

त्या उतरल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या. वळून म्हणाल्या, "ते बी मले असंच धाडत." मग गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमाले साखर कमी ना?"

"हाव, कमी."

त्या रस्ता ओलांडून हॉटेलात शिरेपर्यंत थांबलो. मग सीट उचललं, दाराच्या कप्प्यातून तुझं फडकं काढलं, आणि तेव्हा, भास्कर, मला रडू आलं. भर रस्त्यात, इंजिनावर वाकून, जितकं इतके दिवस आलं नव्हतं तितकं सगळं आलं. पण वहिनी चहा घेऊन यायच्या आत गाडी चालू व्हायला हवी होती. मी पुसत राहिलो.